भाऊजींची सीडी, एका संध्याकाळचं काम

३ सप्टेंबर, बुधवार

आजपासून रोजनिशी. भाषा शुद्ध ठेवायची. वाचणारा मी एकटाच, पण माणसानं स्वतःशीही नीट बोलावं.

परवा महालक्ष्म्यांचं जेवण होतं आणि ताई आली नाही. सुभद्राताई, माझी एकुलती एक बहीण, अकोल्याजवळच्या खेड्यात दिलेली. लग्न झाल्यापासून तिनं एकही महालक्ष्मी चुकवली नव्हती. आईनं सोळा भाज्यांचं पान तिच्या नावानं वाढून झाकून ठेवलं, संध्याकाळी गाईला घातलं, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जसं काही मीच केलं.

केलं शूटिंगवाल्यानं. मे महिन्यात माझ्या मुलीचं, पौर्णिमाचं लग्न झालं. त्यानं तीन तासांची फिल्म बनवून दिली. जूनमध्ये पौर्णिमाच्या सासरी सगळ्यांनी बसून ती पाहिली. देवराव भाऊजी, म्हणजे ताईचे मालक, म्हणजे घरचे थोरले जवाई, त्यात एकदाही दिसत नाहीत. शेवटपर्यंत बसले बिचारे. मग टोपी घातली आणि चहा न घेता निघून गेले. तेव्हापासून आमच्या अमरावतीचं नाव नाही. ते नाहीत तर ताई नाही. आईला आता एकच धसका, की दिवाळीही अशीच जाणार.

सीमा, माझी बायको, म्हणते, तुम्ही एकदा जाऊन बोलावून या ना. नुसतं जाऊन काय होतं? हातात काम लागतं. मी वेळेचं महत्त्व जाणणारा माणूस. लग्नाची पत्रिकासुद्धा सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली होती. भाऊजींचा फोन बटनवाला, म्हणून त्यांची पत्रिका एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती धाडली. त्याच दिवशी पोचली.

उपाय सापडला आहे. नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये लग्नाच्या क्लिपा पडून आहेत. त्यात भाऊजी असतीलच. त्या गोळा करून डीव्हीडी बनवायची. भाऊजींकडे जुना प्लेअर आहे, रोज संध्याकाळी त्यावर कीर्तन पाहतात. मोबाइलमधलं माणूस त्यांना चिमणीएवढं दिसतं म्हणे.

हे मीच करू शकतो. पतसंस्थेत प्रिंटर अडकला की मलाच हाक मारतात. मी जाऊन तो बंद करतो आणि सुरू करतो. बाकीच्यांना एवढंही सुचत नाही.

संकल्प: रविवारी डीव्हीडी अकोल्यात. तसं एका संध्याकाळचं काम आहे, पण उगाच घाई नको.

४ सप्टेंबर

लॅपटॉपला डीव्हीडी घालायची जागा नाही. चारही बाजूंनी पाहिलं. उजवीकडे एक फट आहे, पण ती हवा जायला आहे असं सीमा म्हणाली. तिला कसं माहीत, कोणास ठाऊक.

राजापेठेत नितेशच्या दुकानात गेलो. त्यानं मला डीव्हीडी रायटर हा शब्द दोनदा म्हणायला लावला. मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरून एक खोका काढला आणि त्यावर फुंकर मारली. शेजारच्या गिऱ्हाइकाला शिंका सुरू झाल्या. नितेश म्हणे, काका, हे घेणारे तुम्हीच शेवटचे. म्हटलं, शेवटचा नाही, जाणकार म्हण.

कोऱ्या डिस्क सुट्या मिळत नाहीत. पन्नासची डबी घ्यावी लागली. लागणार एकच आहे.

५ सप्टेंबर

नात्यातल्या ग्रुपवर आवाहन केलं: लग्नाच्या क्लिपा पाठवा, कारण नंतर सांगेन. धडाधड आल्या. वलगावच्या मामांनी त्यांच्या म्हशीचा व्हिडिओ पाठवला. म्हणे लग्नाच्याच दिवशीचा आहे.

सगळे सीडी, सीडी म्हणतात. प्रत्येकाला दुरुस्त केलं. सीडी वेगळी, डीव्हीडी वेगळी.

६ सप्टेंबर, शनिवार

डीव्हीडी तयार! बाहेर गणपती विसर्जनाचे ढोल, पण माझी एकाग्रता कायम. सगळ्या क्लिपा डिस्कवर ओढून टाकल्या, बर्न दाबलं, थोड्या वेळानं ट्रे आपोआप बाहेर आला. वर मार्करनं लिहिलं, देवराव भाऊजींना सप्रेम.

सीमा म्हणाली, एकदा कुठे लावून पाहा. घरात प्लेअर नाही. आणि ज्याचं काम त्याला माहीत असतं.

७ सप्टेंबर, रविवार. अकोल्याहून परत आल्यावर

थकलो. थोडक्यात लिहितो.

चार वर्षांनी गेलो. अंगणात नवीन फरशी पाहून ताईला विचारलं, कधी बसवली. म्हणे तीन वर्षं झाली. ताईनं मला दारात पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. कांदा चिरत होती बहुतेक.

भाऊजी दिवाणावर बसले होते. माझ्याकडे पाहिलं नाही. ताईला म्हणाले, त्याले विचार पानी घेते काय. मी घेतो म्हटलं. ताईला म्हणाले, त्याले दे.

प्लेअर टीव्हीखाली, क्रोशाच्या रुमालाखाली. डिस्क घातली. गरगरली. टीव्हीवर अक्षरं आली: नो डिस्क. काढून शर्टाला पुसली. नो डिस्क. फुंकर मारली. नो डिस्क. उलटी घातली. तेव्हा तर प्लेअरनं लगेच थुंकून दिली.

भाऊजी ताईला म्हणाले, त्याले सांग, मशीन चांगली हाय, काल सांजीले कीर्तन लागलं व्हतं. मग म्हणाले, त्याले विचार, या खेपी ड्रायव्हरच्या हाती काहून नाई धाडली.

कल्पना वाईट नाही, पण डिस्कवर ओरखडे पडतात. तसं मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यावर ते उठून वावरात गेले.

ताईनं वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर केली होती. तीन भाकरी खाल्ल्या. निष्कर्ष: प्लेअर जुना. तरीही मोठेपणा घेऊन मी म्हटलं, पुढच्या रविवारी दुसरी आणतो.

९ सप्टेंबर

यूट्यूबवर एक पोरगा हिंदीतून शिकवतो. नुसत्या फाइली डिस्कवर टाकल्या तर जुन्या प्लेअरला त्या कळत नाहीत म्हणे. क्लिपांचा आधी डीव्हीडीचा फॉरमॅट करावा लागतो, त्याचं वेगळं फोल्डर बनतं, मग बर्न. म्हणजे मी केलं ते चूक नव्हतं. अर्धं बरोबर होतं.

नवीन सॉफ्टवेअर टाकलं. त्यासोबत आणखी चार सॉफ्टवेअर आले. आता लॅपटॉप उघडला की एक बाई रमी खेळायला बोलावते.

११ सप्टेंबर

बर्न सत्त्याण्णव टक्क्यांवर आणि लाइट गेले. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपासून नुसती वजनाला आहे. डिस्क वाया.

आईनं अंधारातून विचारलं, काहून रे, काय झालं एवढं ओरडाले? म्हटलं, काही नाही, टेक्निकल आहे.

१३ सप्टेंबर

झाली. या वेळी खात्रीनं झाली. यूट्यूबवरच्या पोरानं सांगितलं तसं सगळं केलं. त्याच्यापेक्षा थोडं जास्तच केलं.

१४ सप्टेंबर, रविवार

लागली! टीव्हीवर चित्र आलं, सनई वाजली. मी उभा राहून सगळ्यांकडे पाहिलं. सगळे टीव्हीकडे पाहत होते आणि सगळ्यांच्या माना उजव्या खांद्यावर पडल्या होत्या.

चित्र आडवं. मोबाइल उभा धरून काढलेल्या सगळ्या क्लिपा आडव्या झाल्या. नवरा-नवरी आडवे, भटजी आडवा, अक्षता उजवीकडून डावीकडे पडतात. वलगावच्या मामांची म्हैस तेवढी सरळ, कारण त्यांनी मोबाइल आडवा धरला होता.

भाऊजींनी काही वेळ मान वाकडी करून पाहिलं. मग उशी घेतली, दिवाणावर उजव्या कुशीवर झाले आणि आरामात पाहू लागले. ताईला म्हणाले, त्याले सांग, आता बरोबर दिसून राह्यलं. मग उठून बसले. म्हणाले, पन मी काई दिसलो नाई.

मी म्हटलं, पुढच्या खेपेला दिसाल.

म्हणे, पुढच्या खेपेले म्हंजे कवा?

हे त्यांनी ताईला नाही, थेट मला विचारलं. रविवारी, म्हटलं. बरं म्हणाले. डीव्हीडीची ही ताकद.

जेवायला पाटवड्यांचा रस्सा. येताना भाऊजींनी पिशवीत वांगी घातली, तीही मला न सांगता, पिशवीला सांगितल्यासारखी.

१५ सप्टेंबर

आईनं पुन्हा बोलणं सुरू केलं. विचारलं, ताई कशी दिसते, वाळली काय, काय रांधलं व्हतं, जवाई काय म्हनत व्हते, तू पाया पडला काय. डीव्हीडीचं एका शब्दानं विचारलं नाही. घरात एवढं तांत्रिक काम चालू आहे आणि कोणाला चौकशी नाही.

१८ सप्टेंबर

एकेक क्लिप सरळ करत बसलो. त्यामुळे सगळ्या नीट पाहिल्या. एक शोध लागला. भाऊजी बहुतेक क्लिपांत आहेत. हळदीत त्यांचा कोपर आहे. वरातीत त्यांच्या टोपीचं टोक आहे. पंगतीत त्यांच्या हातातला वाढायचा डाव आहे, आणि डावामागे भाऊजी असणारच. पण जिथे पाहावं तिथे त्यांच्यापुढे क्रीम कलरच्या सफारीतला एक माणूस उभा.

सीमा मागून कपडे वाळत घालायला चालली होती. थांबून म्हणे, हा सफारी कोणाचा हाय, ओळखा पाहू.

लग्नघरचा माणूस पुढे उभा राहणारच. मागे उभा राहिला तर लोक काय म्हणतील? सीमाला फ्रेमिंग कळत नाही.

२० सप्टेंबर

आज डिस्क तर झालीच, शिवाय तिच्यावर लेबल लावलं. गोल कागद, त्यावर पौर्णिमाचा रंगीत फोटो, खाली निर्मिती व दिग्दर्शन: शेखर. डिंकानं चिकटवलं. एका बाजूला थोडा फुगा आला, पण शोभा वाढली.

२१ सप्टेंबर, रविवार

डिस्क आत गेली आणि प्लेअरमधून दळण दळल्यासारखा आवाज येऊ लागला. मग थांबला. मग डिस्क बाहेर येईना. लेबल सुटून आत गुंडाळलं गेलं होतं.

भाऊजी उठले. आत गेले. मला वाटलं आता खेळ खलास. पण ते पेचकस घेऊन आले. दोघं अंगणात खाटेवर बसलो, मध्ये प्लेअर. मी टॉर्च धरला. ते म्हणाले, इकडे धर. मी तिकडे धरला. ते म्हणाले, अबे इकडे. मागच्या खेपेचं एक वाक्य सोडलं तर चार महिन्यांत माझ्याशी बोललेलं हेच त्यांचं पहिलं बोलणं.

आतून निघालं ते असं: लेबलाचे तुकडे, एक मेलेली पाल, आणि भाऊजींच्या धाकट्या नातीनं दोन वर्षांपूर्वी घातलेलं बिस्कीट. भाऊजी म्हणाले, पाहाय, तुह्यामुळे साफसफाई झाली. आणि हसले. ताई दारात उभी होती. तिला हसताना पाहून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. ते इथं लिहून ठेवतो.

पेच लावून झाल्यावर कीर्तन लावून पाहिलं. लागलं. दोघांनी पूर्ण पाहिलं. माझी एसटी चुकली, दुसरीनं आलो.

पुढच्या वेळी लेबल नाही. कलेला लोक तयार नाहीत.

२४ सप्टेंबर

पौर्णिमाचा फोन. ग्रुपवरचं आवाहन तिनं आता पाहिलं. म्हणे बाबा, फुवाजींचा, म्हणजे भाऊजींचा, व्हिडिओ पाहिजे असेल तर वर्षालीकडे आहे. वर्षाली तिची मैत्रीण, लग्नात सगळीकडे मोबाइल घेऊन फिरत होती.

क्लिप आली. मांडवामागची चूल. निंबाच्या झाडाखाली भाऊजी बनियनवर, डोक्याला दुपट्टा, मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वांग्याची भाजी ढवळून राहिले. वांगी त्यांच्याच वावरातली. तिकडे मांडवात मंगलाष्टकं सुरू झाली. कोणीतरी म्हणतं, चला ना, अक्षता टाकाले. भाऊजी म्हणतात, भाजी खाली लागन. पोरीच्या लग्नाचं जेवन हाय. मग बनियनच्या खिशातून अक्षता काढतात आणि चुलीपासूनच मांडवाच्या दिशेनं टाकतात. टाकून पुन्हा ढवळतात.

क्लिप दोनदा पाहिली. तिसऱ्यांदा सीमाला बोलावून दाखवली.

आता पाहा दिग्दर्शकाचं डोकं. हा प्रसंग अगदी शेवटी ठेवायचा. क्लायमॅक्स.

२८ सप्टेंबर, रविवार

या वेळी सगळं सरळ, सगळं सुरळीत, आवाज खणखणीत. ताईनं शेजारच्या दोघींना बोलावलं होतं. मी आधी दोन शब्द बोललो, की शेवटपर्यंत उठू नका.

एक तास झाला. हळद, वरात, म्हैस, पंगत. आणि क्लायमॅक्सच्या आधी टीव्ही निळा.

डिस्कमध्ये जागा संपली होती. बर्न करताना सॉफ्टवेअरनं विचारलं होतं, सगळं बसत नाही, पुढे जाऊ का? मी यस दाबलं. मी नेहमी यस दाबतो. त्याशिवाय कामं होत नाहीत.

भाऊजी निळ्या टीव्हीकडे पाहत होते. म्हणे, संपलं? मी म्हटलं, एक तुकडा राहिला, त्यातच तुम्ही आहात. मग त्यांनी विचारलं, शेखर, तो क्रीम सफारी कोठी शिवला?

आवडला असावा. टेलरचं नाव सांगितलं.

शेजारणी तोंडाला पदर लावून लवकर गेल्या. उठताना भाऊजी म्हणाले, पुढच्या आइतवारी अंबाडीची भाजी करू.

त्या एका तुकड्यासाठी पुन्हा जाणं आलं.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी डेपोतून फोन, तुमचं पार्सल आलं आहे, ड्रायव्हरकडे आहे. जाऊन पाहतो तर पोतंभर झेंडू. भाऊजींच्या वावरातला. आईच्या नावानं. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही.

पाहा, शेवटी त्यांनाही पटलं की एसटीनं धाडणं सोयीचं पडतं. आईनं दारापासून न्हाणीपर्यंत तोरणं लावली. मला म्हणे, त्यायनं फुलं धाडली, अन् तू काय धाडलं रे लग्नात? म्हटलं, पत्रिका. आई तोरणाकडे तोंड करून पुटपुटली. ऐकू आलं नाही.

४ ऑक्टोबर

सीमाशी भांडण. ती म्हणे, सीडी सोडा आता. नुसते जा, जेवा, ताईले दिवाळीले ये म्हना अन् या. मी म्हटलं, महिनाभर मी काय झक मारून राहिलो? त्या माणसाले डीव्हीडी पाहिजे, मान पाहिजे, अन् मी रिकाम्या हातानं जाऊ? ती म्हणे, पहिल्या खेपेपासून तुमी रिकाम्याच हातानं जाऊन राहिले.

तिथंच ठरवलं. उद्या अकोला रद्द. कोणाला कदर नाही. डोकंही दुखते.

५ ऑक्टोबर, रविवार

गेलो नाही. दिवसभर पडून राहिलो. सीमानं विचारलं नाही, आईनं विचारलं नाही. घरात माणूस आजारी असताना दोघी कोजागिरीच्या दुधाचं बोलत होत्या.

दुपारी फोन वाजला. भाऊजी. बटनवाल्या फोनवरून मोठ्यानं. म्हणे, आज आइतवार हाय. म्हटलं, हो. म्हणे, भाकरी केल्या व्हत्या. म्हटलं, डोकं दुखते. म्हणे, मी फाट्यावर दोन गाड्या पाह्यल्या, तू उतरला नाई. मग म्हणे, इंजेक्शन घे, अन् फोन ठेवला.

आनंद झाला. त्यांना डीव्हीडीची किती ओढ आहे ते आज कळलं. डोकं दुखायचं थांबलं.

८ ऑक्टोबर

नव्यानं सुरुवात. भाऊजींची क्लिप सगळ्यात पहिली. मन घट्ट करून सफारीच्या बऱ्याच क्लिपा काढल्या. म्हैसही काढली, मामांना सांगायचं नाही. स्पीड सगळ्यात कमी. लाइट जाऊ नये म्हणून सकाळी सहाला बर्न केलं, आणि झालं तोवर कोणाला पंखा लावू दिला नाही.

मग बुद्धी सुचली, की अकोल्याला नेण्याआधी एकदा लावून पाहावं. हे मला स्वतःला सुचलं, सीमाचा यात संबंध नाही. नितेशकडे प्लेअर शोधायला निघालो होतो, तर शेजारच्या कुलदीपनं गेटमध्ये थांबवलं. कुठे चालले काका? सांगितलं. म्हणे, आमच्याकडे हाय ना प्लेअर. आमच्या भिंतीच्या पलीकडे. महिनाभर.

लावली. पहिल्या फटक्यात लागली. चित्र सरळ, आवाज चोख. भाऊजी बोलतात तेव्हाच ओठ हलतात. कुलदीपची आई पाहता पाहता म्हणाली, हे कोन हायत, चांगला मानूस दिसते.

१२ ऑक्टोबर, रविवार. रात्री जेवण झाल्यावर

फाट्यावर उतरलो तर भाऊजी उभे. म्हणे, सहज आलो व्हतो. दुपट्टा उन्हानं तापला होता, म्हणजे सहज बराच वेळ आले असावेत.

जेवणं आधी. अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या, वर तेलाची धार. मी डीव्हीडीची घाई करत होतो, भाऊजी म्हणत होते, पाहू ना, आताच काहून. जेवण झाल्यावर मला मेथीचे वाफे दाखवले. मग झेंडू दाखवला. मग विहिरीची मोटर दाखवली. मी तीनदा आठवण केली तेव्हा घरात आलो.

डिस्क घातली. लागली. निंबाचं झाड, चूल, गंज, भाऊजी.

मंगलाष्टकं सुरू झाली, भाऊजींनी बनियनच्या खिशातून अक्षता काढल्या, मांडवाकडे टाकल्या. ताईनं हे पाहिलंच नव्हतं कधी. ती त्या वेळी पौर्णिमाच्या मागे उभी होती ना. ती म्हणाली, अहो, तुमी तिथून टाकल्या? भाऊजी म्हणाले, मंग काय करतो, भाजी लागली असती. ताई रडू लागली. माह्याही हाती रुमाल आला. लपवत नाही, इथं कोण वाचते. त्या दिवशी मी सफारी घालून मांडवात पुढे उभा होतो, आणि हा माणूस कुठं आहे हे एकदाही मनात आलं नव्हतं.

मग बाकीचं सगळं पाहिलं. शेवटपर्यंत. कुठं अडकली नाही, कुठं आडवी झाली नाही. मी उठून विचारलं, काय भाऊजी, जमली की नाही?

भाऊजींचं तोंड उतरलं होतं. एवढ्या खेपांत असं उतरलेलं पाहिलं नव्हतं. आडवी झाली तेव्हा नाही, अडकली तेव्हाही नाही. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. म्हणाले, म्हंजे झालं आता काम.

म्हटलं, हो, झालं.

म्हणे, म्हंजे आता तुहं येनं नाई.

ताई त्यांच्याकडे पाहत होती. भाऊजी उठले, प्लेअरमधून डिस्क काढली, खिडकीच्या उजेडात धरली, उलटीसुलटी केली. मग माझ्या हातात देऊन म्हणाले, आवाज उलीसा मागंपुढं हाय. दुरुस्त करून पुढच्या आइतवारी आनजो. अन् वापस जाताना तुह्या बहिणीले घेऊन जाय दिवाईले. मी भाऊबिजेले येतो तिले न्यायले.

मी म्हटलं, आवाज बरोबर आहे भाऊजी, मी शेजारी तपासला. ते म्हणाले, मागंपुढं हाय. ताईही म्हणाली, हो शेखर, हाय थोडा. तिनं माझ्याकडे न पाहता म्हटलं.

घरी आल्याबरोबर आईला सांगितलं, रविवारी ताई येते. आई खाली बसली. डोळे पुसले, नाक पुसलं, सीमाला हाक मारून अनारशांचे तांदूळ आजच भिजू घाल म्हणाली. मग आज पहिल्यांदाच मला विचारलं, सीडी लागली काय रे? म्हटलं, लागली, पण भाऊजी म्हणतात आवाज मागंपुढं आहे, पुन्हा करून नेणं आलं. तसा काही दोष नाही, त्यांना यातलं कळत नाही.

आई म्हणाली, मंग तो आवाज असाच राहू दे. कधीच दुरुस्त नोको करू.

आता आईला तरी यातलं काय कळते. तिच्या वयाकडे पाहून वाद घातला नाही. डबीत बऱ्याच डिस्क शिल्लक आहेत. रविवारची सकाळची गाडी धरायची आहे.